मदात्यय : तालुक्याच्या वैद्यापुढील पहिले तीन दिवस आणि पुढील वर्ष

श्रावण लागला, घटस्थापना झाली किंवा आषाढीला पंढरपुरात गळ्यात माळ घातली, की ग्रामीण भागातील कितीतरी मद्यपी त्या दिवसापासून मद्याला शिवत नाहीत. निश्चय मनापासून केलेला असतो आणि घरची मंडळीही समाधानात असतात. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. तिसऱ्या रात्री हाच मनुष्य भिंतीवर किडे-मुंग्या दिसत असल्याचे सांगतो, समोर नसलेल्या माणसांशी बोलतो, घोंगडीवरून काहीतरी वेचत राहतो, स्वतःच्या मुलाला ओळखत नाही. घरच्यांना ती 'बाहेरची बाधा' वाटते आणि पहाटे गाडी करून ते त्याला देवऋष्याकडे नेतात. काही थोडे वैद्याच्या दारात येतात. तालुक्याच्या गावी वीस वर्षे व्यवसाय करताना हे चित्र मी जवळजवळ दर श्रावणात पाहत आलो आहे. व्यसनाच्या चिकित्सेचा विचार ग्रामीण वैद्याने याच तिसऱ्या रात्रीपासून सुरू करावा, असे माझे मत आहे. कारण केंद्राचा पत्ता, समुपदेशन, पथ्यापथ्य या सर्व गोष्टी रुग्ण ती रात्र पार करून आला तरच उपयोगाच्या ठरतात.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेतील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला काही ना काही उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळणारी व्यक्ती १८० मध्ये एक, असे त्यात नोंदवले आहे. उरलेले ३७ जण कोठे जातात, याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या बाह्यरुग्ण नोंदवहीत आहे. ते अम्लपित्त, अग्निमांद्य, सकाळची मळमळ, हातापायांची आग, निद्रानाश, 'अशक्तपणा' या तक्रारी घेऊन आपल्याचकडे येतात. आपण त्यांना सूतशेखर देतो, ते बरे वाटल्याचे सांगतात, आणि मूळ विषय उभयपक्षी झाकलेला राहतो.

प्रश्न कसा विचारावा

लहान गावात सारे सर्वांना ठाऊक असते. म्हणूनच काही विचारता येत नाही. औषधे देणारा मुलगा रुग्णाचा चुलत पुतण्या असतो, बाकावर शेजारची काकू बसलेली असते. "दारू घेता का?" या प्रश्नाला अशा ठिकाणी "छे, छे, कधीतरी लग्नकार्यात" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी रुग्णाला आत एकट्याला घेऊन, नाडी पाहता पाहता, "मामा, सकाळी उठल्यावर हाताला कंप सुटतो का? थोडी घेतली की थांबतो का?" असे विचारावे. या प्रश्नात आरोप नाही, लक्षणाची चौकशी आहे. त्यामुळे उत्तर खरे येते. सकाळची पहिली मात्रा कंप थांबवण्यासाठी घ्यावी लागत असेल, तर शरीर मद्यावर अवलंबून झाले आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. त्यानंतर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : कमी करावी असे कधी वाटले का, कोणी बोलले तर राग येतो का, घेतल्याबद्दल मनाला टोचणी लागते का. आधुनिक वैद्यकात चार प्रश्नांची जी प्रसिद्ध चाचणी आहे, तिचा आशय एवढाच. दोन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली, तर सविस्तर इतिहास घ्यावा.

त्यात तीन बाबी कधीही सोडू नयेत. शेवटची मात्रा केव्हा घेतली, पूर्वी बंद केल्यावर आकडी आली होती का, आणि पूर्वी भ्रम झाला होता का. या तीन उत्तरांवरून रुग्ण घरी राहू शकेल की त्याला आजच गाडीत घालावे लागेल, हे बहुतांशी ठरते.

शास्त्रातील मदात्यय आणि आजचा रुग्ण

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात मदात्ययाची चिकित्सा सांगितली आहे. सुश्रुताने उत्तरतंत्राच्या ४७ व्या अध्यायात पानात्यय, परमद, पानाजीर्ण व पानविभ्रम असे भेद मांडले आहेत. वाग्भटाने निदानस्थान ६ व चिकित्सास्थान ७ यांत हाच विषय घेतला आहे. मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुग, रूक्ष, विकासी व विशद हे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध आहेत, हा सिद्धांत आपण सर्वांनी पदवीच्या वर्गात पाठ केला. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की मद्यपी रुग्णाकडे आपण केवळ यकृत्दुष्टी म्हणून पाहू नये. त्याचे हृदय, मन, निद्रा, बल हे सर्वच क्षीण झालेले असते.

येथे दोन मुद्द्यांकडे वैद्यबंधूंचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते.

पहिला मुद्दा पादांशिक क्रमाचा. अहितकर सात्म्य एकदम न सोडता चतुर्थांशाने सोडावे, हा सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील नियम आहे. सहसा त्याग केल्यास नवे विकार उद्भवतात हे आचार्यांना पूर्ण ठाऊक होते. मात्र या नियमाचा आधार घेऊन "रोज थोडी थोडी कमी करा" एवढेच सांगून रुग्णाला घरी पाठवणे मला योग्य वाटत नाही. मात्रेवरील ताबा सुटणे हेच ज्या रोगाचे लक्षण, त्या रुग्णाच्या हाती मात्रा मोजण्याचे काम देण्यासारखे ते आहे. चार दिवस तो कमी घेतो, पाचव्या दिवशी उचल मिळते आणि सारे पूर्ववत होते. क्रम खरा, परंतु तो दुसऱ्याच्या हाती हवा. मनोविकारतज्ज्ञ क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम यांसारखे औषध पहिल्या दिवशी पुरेशा मात्रेत देऊन आठवड्याभरात टप्प्याटप्प्याने बंद करतात. मद्याऐवजी तेच काम करणारे दुसरे द्रव्य देऊन, मोजलेल्या पायऱ्यांनी ते काढून घेण्याचा हा प्रकार पादांशिक क्रमाच्या आशयाच्या फार जवळचा आहे. आपल्या रुग्णाला ही तुलना सांगितली, तर 'इंग्रजी झोपेच्या गोळ्या' घेण्याची त्याची भीतीही कमी होते, असा माझा अनुभव आहे.

दुसरा मुद्दा ध्वंसक व विक्षय यांचा. काही काळ मद्य सोडलेल्या मनुष्याने पुन्हा एकदम अतिमात्रेत घेतले असता हे दोन विकार होतात, असे चरकाने सांगितले आहे. ध्वंसकात कफप्रसेक, कंठ व मुख यांचा शोष, शब्द सहन न होणे, अतितंद्रा. विक्षयात छर्दी, ज्वर, तृष्णा, शिरःशूल, अंगमर्द, संमोह. हे दोन्ही क्षीण देहाच्या रुग्णात कष्टसाध्य होतात, आणि त्यांची चिकित्सा वातिक मदात्ययाप्रमाणे स्निग्ध, बृंहण स्वरूपाची करावी, असा निर्देश आहे. परीक्षेत दोन गुणांसाठी विचारला जाणारा हा भाग ग्रामीण व्यवहारात मात्र फार मोलाचा आहे. केंद्रातून महिनाभराने परतलेला रुग्ण पहिल्यांदा घसरतो, तेव्हा तो पूर्वीचीच मात्रा घेतो. शरीराची सहनशक्ती मात्र दरम्यान ओसरलेली असते. मद्याच्या बाबतीत हे घातक ठरू शकते. अफूजन्य द्रव्यांच्या बाबतीत तर श्वास बंद पडून मृत्यू येण्याचा सर्वांत मोठा धोका याच काळात असतो. घरच्यांना ही गोष्ट केंद्रातून परतण्याच्या दिवशीच समजावून द्यावी.

घरी कोण, रुग्णालयात कोण

शेवटच्या मात्रेनंतर साधारण ६ ते ८ तासांत कंप, घाम, मळमळ, अस्वस्थता सुरू होते. आकडी येण्याचा धोका मुख्यत्वे पहिल्या ४८ तासांत असतो. भ्रमासह तीव्र अवस्था बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान येते. म्हणजे सोमवारी सायंकाळी बंद केलेल्या मनुष्याची बुधवारची रात्र ते शुक्रवारची सायंकाळ हा काळ सर्वाधिक जोखमीचा. ही तीव्र अवस्था उपचाराविना जीवघेणी ठरू शकते, हे कुटुंबाला स्पष्ट शब्दांत सांगावे. अपघातात हाड मोडून रुग्णालयात दाखल झालेला मनुष्य तिसऱ्या दिवशी बडबडू लागला, तर त्याचेही कारण पुष्कळदा हेच असते. तेथे मद्याचा इतिहास कोणी विचारलेलाच नसतो.

पूर्वी कधीही आकडी वा भ्रम झालेला नाही, ज्वर नाही, नाडी १०० च्या आत आहे, कामला, जलोदर, रक्ताची उलटी, डोक्याला मार यांपैकी काही नाही, घरात एक जबाबदार आणि स्वतः न पिणारी व्यक्ती आहे आणि रोज एकदा तपासणीस येणे शक्य आहे, अशा रुग्णाचा विचार मनोविकारतज्ज्ञाच्या किंवा या विषयाची जाण असलेल्या एम.बी.बी.एस. सहकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी राहण्यासाठी करता येतो. यांपैकी एक जरी अट तुटत असेल, तर जिल्हा रुग्णालय. माझ्या गावापासून ते सत्तर किलोमीटरवर आहे आणि शेवटची एस.टी. सहा वाजता सुटते. म्हणून दुपारी चारला आलेल्या अशा रुग्णाबाबत "उद्या सकाळी बघू" हा शब्द मी वापरत नाही. आणीबाणीत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहेच.

दरवर्षी श्रावणात आणि पुन्हा नवरात्रात बंद करणाऱ्या रुग्णाविषयी आणखी एक सूचना. मद्य बंद करण्याचा त्रास दर खेपेस पूर्वीपेक्षा तीव्र होत जातो आणि आकडीचा धोका वाढत जातो, असे दिसून आलेले आहे. "गेल्या साली श्रावण पाळला तेव्हा काही झाले नव्हते" हे आश्वासन त्यामुळे फारसे उपयोगाचे नाही. आषाढ अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात अशा रुग्णांच्या घरी निरोप पाठवून "बंद करायच्या आधी भेटून जा" असे सांगणे मी गेली काही वर्षे पाळले आहे. व्रताला विरोध करू नये. व्रताने जो निश्चय दिला आहे, तो आपण फुकट दवडतो कशाला?

सलाईनचा प्रश्न येथेच घेतो. थरथरणाऱ्या, न जेवलेल्या मद्यपी रुग्णाला आणले, की नातेवाईक "डॉक्टर, आधी बाटली लावा" असा आग्रह धरतात. असा रुग्ण थायमिन या जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावात असू शकतो, आणि त्याला थायमिन न देता केवळ ग्लुकोजची बाटली लावल्यास मेंदूची गंभीर विकृती उद्भवू शकते अथवा बळावू शकते. दृष्टीची चंचलता किंवा डोळ्यांच्या हालचालीत बिघाड, चालताना तोल जाणे आणि संभ्रम ही तिची लक्षणे; तिघेही एकत्र दिसतीलच असे नाही. अशा रुग्णात आतड्यातून थायमिनचे शोषण अपुरे होते, म्हणून ते सुरुवातीस सूचिवेधानेच द्यावे लागते. तेव्हा ग्लुकोजच्या आधी थायमिन, हा क्रम आपल्या परिचारिकेलाही माहीत असावा. ही बाब आपल्या शाखेची नाही असे म्हणून चालणार नाही. बाटली आपल्याच दवाखान्यात लागते.

हातभट्टीची दारू प्यायलेला रुग्ण अंधुक दिसते, डोळ्यांपुढे धुके आहे असे सांगत असेल, तर तो मिथेनॉलच्या विषबाधेचा रुग्ण समजून विनाविलंब मोठ्या रुग्णालयात पाठवावा. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात अशा दारूने शंभरावर माणसे दगावली होती.

आपल्याच कपाटातील मद्य

आता थोडे अप्रिय बोलतो. मद्य सोडलेल्या रुग्णाला यकृतासाठी कुमार्यासव किंवा रोहितकारिष्ट, झोपेसाठी अश्वगंधारिष्ट, भूक लागावी म्हणून द्राक्षासव असे लिहून दिलेले कागद मी वारंवार पाहतो. संधानकल्पनेत स्वयंजनित मद्यांश साधारणतः ५ ते १० टक्के असतो, हे आपण जाणतो. चार-चार चमचे दोन वेळा, अशी मात्रा सामान्य रुग्णात उपेक्षणीय असली, तरी मद्याची चव व गंध ओळखणाऱ्या मनुष्याला ती जुन्या वाटेवर नेणारी ठरू शकते. काही रुग्ण पूर्ण बाटली एका बैठकीत रिकामी करतात. मृतसंजीवनी सुरेसारख्या ऊर्ध्वपातित कल्पांचा तर मद्य म्हणूनच वापर झालेला आहे.

त्याहून गंभीर बाब डायसल्फिरामची. मनोविकारतज्ज्ञाने हे औषध सुरू केलेले असताना मद्यांश पोटात गेला, तर चेहरा लाल होणे, छातीत धडधड, वांती, रक्तदाब खाली येणे अशी प्रतिक्रिया होते. हृदयरोग्यात ती प्राणघातक ठरू शकते. औषध बंद केल्यावरही सुमारे दोन आठवड्यांपर्यंत तिची शक्यता राहते. म्हणून व्यसनमुक्तीच्या प्रत्येक रुग्णात आसव-अरिष्टे पूर्णतः वर्ज्य समजावीत. त्यांच्या जागी क्वाथ, चूर्ण, वटी, घृत, मंथ यांचा वापर करावा. फलत्रिकादी क्वाथ, पुनर्नवाष्टक क्वाथ, भूम्यामलकी चूर्ण हे पर्याय हाताशी आहेत. यकृत्विकार असलेल्या रुग्णात रसौषधी अत्यंत जपून द्यावीत. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे प्रसिद्ध झाल्या आहेत, म्हणून कामला असताना किंवा यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या असताना अश्वगंधा चूर्णरूपातही देऊ नये.

शोधनाविषयीही एक वाक्य. दीर्घकाळ मद्यपान केलेल्या रुग्णात अन्ननलिकेच्या सिरा फुगलेल्या असण्याचा संभव असतो. 'दारू बाहेर काढण्यासाठी' अशा रुग्णाला वमन देणे म्हणजे रक्तवांतीला आमंत्रण आहे.

आणि 'नकळत दारू सोडवणारी पुडी'. आठवडी बाजारात, एस.टी. स्थानकावर, भिंतीवरील जाहिरातींत ती आयुर्वेदाच्या नावाने विकली जाते. भाजीत किंवा चहात कालवून द्या, रुग्णाला कळणार नाही, असे सांगितले जाते. पुडीत काय आहे हे विक्रेता सांगत नाही. त्यात डायसल्फिरामसारखे द्रव्य असेल, तर न कळता ते पोटात गेलेला मनुष्य सायंकाळी नेहमीप्रमाणे पिणार आणि वर सांगितलेली प्रतिक्रिया त्याच्यावर ओढवणार. काही नसेल, तर कुटुंबाचे पैसे आणि मोलाचे महिने जाणार. शिवाय एक दिवस रुग्णाला कळतेच, आणि मग तो पत्नीच्या हातचे जेवण सोडतो. व्यथित होऊन विचारायला आलेल्या माउलीला रागावू नये. तिच्यापुढे दुसरी वाट कोणी ठेवलेली नसते. परंतु आपल्यापैकी कोणी अशी पुडी देत असेल, तर आपल्या संघटनेने त्याविषयी स्पष्ट भूमिका घ्यावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

केंद्र कसे शोधावे

महाराष्ट्रात या कार्याचा पाया घालणारे 'मुक्तांगण' २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने सुरू केले. आज व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाट्या तालुक्यापर्यंत आल्या आहेत; सर्वांचा दर्जा सारखा नाही. लहान गावातील कुटुंब चौकशी करू शकत नाही. फोनवर गोड बोलणाऱ्या पहिल्या माणसाकडे ते रुग्णाला नेते. काही ठिकाणी तर केंद्राचेच लोक रात्री गाडी घेऊन येतात व रुग्णाला उचलून नेतात. ही चौकशी वैद्याने कुटुंबाच्या वतीने करावी. पहिला प्रश्न नोंदणीचा : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मद्य व अमली द्रव्यांच्या सेवनाशी संबंधित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश होतो आणि असे रुग्ण दाखल करून उपचार करणाऱ्या संस्थेस राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. रुग्णाला साखळीने बांधणे या कायद्याने निषिद्ध आहे. त्यानंतर विचारावे, की मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, पहिल्या आठवड्यात रात्री परिचारिका असते का, आकडी आल्यास कोठे नेता, नातेवाइकांना भेटू देता का, कुटुंबासाठी सभा असते का, आणि घरी गेल्यावर पाठपुरावा कोण करते. शेवटच्या प्रश्नाला जेथे उत्तर नाही, तेथे मी रुग्ण पाठवत नाही. एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन केंद्र पाहावे. स्वयंपाकघर आणि शौचालय पाहिले की पुष्कळ कळते.

ज्यांना खासगी केंद्राचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार विभाग, तसेच ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. केंद्र शासनाच्या अनुदानावर चालणारी स्वयंसेवी केंद्रेही आहेत. दूरध्वनीवरून मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांक असून, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. लाजेने दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या रुग्णाने घरातूनच पहिला फोन केल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी सभा अनेक शहरांत व मोठ्या गावांत होतात. रुग्णांच्या पत्नींसाठी व कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. जवळच्या सभेचा वार आणि वेळ वैद्याला तोंडपाठ असावी.

उपचार गावाजवळ आणणे शक्य आहे, हे गडचिरोली जिल्ह्यात दिसते. तेथे १९९३ पासून दारूबंदी आहे; तरीही केवळ बंदीवर न थांबता शासन, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू झाला आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचाराचे दवाखाने व गावांत शिबिरे घेण्यात आली. ज्या रुग्णाची मजुरी एक दिवसही बुडवणे परवडत नाही, त्याला महिनाभर दूर पाठवण्यापेक्षा हा मार्ग सोयीचा आहे. आपल्या तालुका शाखेने जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञांना महिन्यातून एकदा बोलावले, तरी पुष्कळ साधेल.

मद्याखेरीज

गोळ्यांचे व्यसन तालुक्यापर्यंत पोहोचले आहे. अल्प्राझोलाम (मालेगावकडे जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती), नायट्राझेपाम, कोडीनयुक्त कफ सिरप यांचा इतिहास तरुण रुग्णात अवश्य विचारावा. झोपेच्या गटातील गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्याने एकदम बंद केल्यास मद्याप्रमाणेच आकडी येऊ शकते. त्या तज्ज्ञाकडूनच हळूहळू कमी कराव्यात. तेलंगणात शिंदीमध्ये अशीच द्रव्ये मिसळली गेल्याचे उघड झालेले आहे, तेव्हा सीमेलगतच्या वैद्यांनी 'फक्त शिंदी' घेणाऱ्या रुग्णालाही हलके समजू नये. अफूजन्य द्रव्ये बंद करताना वेदना, अतिसार, नाक-डोळे वाहणे असा त्रास फार होतो, पण तो सहसा जीवघेणा नसतो. त्याची औषधे अधिकृत केंद्रातच मिळतात. अहिफेनयुक्त कामिनी विद्रावण रसाचा नशेसाठी गैरवापर झालेला आहे, म्हणून असे कल्प कपाटात कुलूपबंद असावेत.

परतल्यानंतर

केंद्रातून परतलेला रुग्ण हा खऱ्या अर्थाने वैद्याचा रुग्ण. अग्नी मंद, वात प्रकुपित, ओज क्षीण, निद्रा नष्ट, अशी त्याची अवस्था असते. लाजमंड, मुद्गयूष, दाडिम, आमलकी यांनी आरंभ करून अग्निबल पाहत दुग्ध व घृत वाढवावे. मद्य सोडलेल्यास क्षीरप्रयोग चरकाने आवर्जून सांगितला आहे. खजूर, मनुका, चिंच, आमसूल, डाळिंब, फालसा व आवळा यांचा खर्जूरादी मंथ उन्हाळ्यात फार उपयोगी पडतो, आणि सायंकाळी साडेसहा ते आठ या वेळेत हातात पेला असण्याची जुनी सवय त्याने भागते. मधुमेही रुग्णात अर्थातच देऊ नये. रात्री पादाभ्यंग, शक्य असल्यास शिरोधारा, सत्त्वबलासाठी ब्राह्मी घृत. मनोविकारतज्ज्ञाची औषधे आपल्या सल्ल्याने कोणीही बंद करू नयेत.

सत्त्वावजय म्हणजे उपदेश, असा आपल्यात एक समज आहे. प्रज्ञापराधाचे कारण पुढे करून रुग्णाला दोषी ठरवणारे वैद्यही मला भेटतात. धी, धृती, स्मृती यांतील धृतीच या रोगात प्रथम ढासळते. ती पहिल्या दिवसापासून रुग्णाकडून मागणे म्हणजे अस्थिभग्नाच्या रुग्णाला चालून दाखव म्हणणे होय. धृती परत येईपर्यंत तिचे काम बाहेरच्या व्यवस्थेने करावे लागते. मजुरी पत्नीच्या हाती किंवा बँकेत जावी, सायंकाळची वाट गुत्त्यावरून नसावी, जुन्या सोबत्यांच्या बैलपोळ्याच्या करीला त्या दिवशी दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जावे. साखर कारखान्याची उचल, उसाचे बिल, जत्रा, लग्नसराई आणि निवडणुका हे घसरण्याचे ठरलेले मुहूर्त आहेत. ते रुग्णपत्रिकेवर आधीच लिहून ठेवावेत आणि त्या आठवड्यात रुग्णाला एकदा जास्त बोलवावे.

पाठपुराव्यासाठी मी आठवडी बाजाराचा दिवस ठेवला आहे. त्या दिवशी तालुक्याला येण्याचे कारण कोणालाही सांगावे लागत नाही. पहिले तीन महिने दर आठवड्याला, पुढे पंधरवड्याने, वर्षअखेरीस महिन्याने. रुग्णपत्रिकेवर 'मदात्यय' एवढेच लिहितो. ज्याला कळायचे त्याला कळते. पत्नी सोबत आली तर तिला निराळी पाच मिनिटे द्यावीत. तिची झोप, तिचा मार, तिचे कर्ज यांविषयी विचारणारे दुसरे कोणी नसते. स्त्री रुग्ण क्वचित येतात, याचा अर्थ त्या नाहीत असा नव्हे. मिश्री आणि वेदनाशामक गोळ्यांपासून चौकशी सुरू केली तर पुष्कळदा पुढचे कळते.

बाजाराच्या दिवशी रुग्ण पिऊन आला, तरी त्याला परत धाडू नये. तो आला, हीच त्या दिवसाची नोंद. नाडी, रक्तदाब आणि डोक्याला मार नाही ना, एवढे पाहावे. पाणी द्यावे, वाद घालू नये, सोबतच्या माणसाला शेवटची मात्रा किती वाजता घेतली ते विचारून पत्रिकेवर लिहून घ्यावे. तो आता पुन्हा एकदम बंद करणार आहे, हे गृहीत धरून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची वेळ द्यावी आणि पुढील चार दिवसांसाठी घरात कोण राहणार ते त्याच वेळी ठरवून घ्यावे.